साहेबापलीकडचे ब्रिटिश : ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

मराठी वाचकाला इंग्रज नवा नाही. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार पाहणारा एल्फिन्स्टन, रेल्वे आणि तारायंत्र आणणारा डलहौसी, बंगालची फाळणी करणारा कर्झन ही नावे शाळेपासून आपल्या ओळखीची असतात. मात्र ही माणसे राज्य करण्यासाठी परदेशी गेलेल्या एका लहान वर्गातली होती. पेशवाई संपल्याच्या पुढच्याच वर्षी, १६ ऑगस्ट १८१९ रोजी, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर मताचा हक्क मागण्यासाठी हजारो नि:शस्त्र स्त्रीपुरुष जमले असताना त्यांच्यावर घोडदळ सोडण्यात आले, तलवारी चालल्या, अनेक जण मेले आणि शेकडो जखमी झाले, ही ‘पीटर्लू’ नावाने ओळखली जाणारी घटना आपल्या पुस्तकांत सहसा नसते. ब्रिटनमध्ये शेजारी म्हणून, कचेरीतले सहकारी म्हणून किंवा मुलांच्या शाळेच्या फाटकाशी जी माणसे भेटतात, त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज एल्फिन्स्टनच्या पंक्तीतले नव्हते. ते त्या मैदानावर उभे असलेल्यांपैकी होते. त्यांच्या सवयी, त्यांचे हळवे कोपरे आणि त्यांच्या सार्वजनिक संस्था त्या इतिहासातून घडल्या आहेत, आणि तो इतिहास राजवाड्यांपेक्षा आपण राहतो त्या गावातच अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून पुढील पायऱ्या राहत्या गावापासून सुरू होतात. त्यांतल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत. काही मोकळे शनिवार आणि पावसात टिकणारे बूट एवढे पुरेसे आहे.

पहिली पायरी : चार देश वेगळे ओळखावेत

इंग्लंड हा ब्रिटनचा एक भाग आहे, संपूर्ण ब्रिटन नव्हे. मराठी बोलण्यात आपण सगळ्यांनाच सरसकट इंग्रज म्हणतो, आणि ही सवय येथे पोहोचताच सोडावी. वेल्स सोळाव्या शतकातल्या कायद्यांनी इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत सामावला गेला. स्कॉटलंड १७०७ च्या एकीकरणाने आला, पण आपली न्यायव्यवस्था, शिक्षणपद्धती आणि चर्च त्याने स्वतंत्र राखले. आयर्लंड १८०१ मध्ये जोडला गेला आणि त्याचा मोठा भाग १९२२ मध्ये वेगळा झाला, तेव्हा ईशान्येकडचे सहा परगणे उत्तर आयर्लंड म्हणून ब्रिटनबरोबर राहिले. १९९९ पासून एडिंबरा आणि कार्डिफ येथे स्वतंत्र प्रतिनिधिगृहे आहेत. एडिंबरामधल्या सहकाऱ्याला इंग्लिश म्हटले तर तो बहुधा शांतपणे दुरुस्ती करील, पण ते त्याला लागलेले असेल. वेल्समध्ये रस्त्यांवरच्या पाट्या दोन भाषांत असतात आणि वेल्श ही घराघरांत बोलली जाणारी जिवंत भाषा आहे, तिच्यात एखादे अभिवादन शिकून घ्यावे. उत्तर आयर्लंडमध्ये कोण कोणत्या पंथाचा, कॅथलिक की प्रॉटेस्टंट, हे विचारू नये. १९९८ च्या शांतता करारापूर्वीची सुमारे तीस वर्षे तिथे या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असत.

पुढचे विवेचन मुख्यत: इंग्लंडमधल्या, विशेषत: उत्तर इंग्लंडमधल्या मध्यम आकाराच्या गावाला धरून केले आहे, कारण यंत्रयुगाचा ठसा तिथे सर्वांत ठळक आहे.

दुसरी पायरी : नकाशा उघडावा आणि गावाबाहेर चालावे

१७९१ पासून देशाची मोजणी करत आलेल्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा, १ : २५,००० प्रमाणाचा, नारिंगी वेष्टनातला नकाशा गावच्या वाचनालयात बहुधा पाहायला मिळतो. तो टेबलावर पसरून आधी आसपासच्या गावांची नावे वाचावीत. ज्या नावाच्या शेवटी ‘चेस्टर’ किंवा ‘कॅस्टर’ येते तिथे बहुतेक वेळा रोमन छावणी होती. रोमन सैन्य इ.स. ४३ मध्ये आले आणि साधारण ४१० च्या सुमारास त्यांची सत्ता संपली. ‘हॅम’ आणि ‘टन’ हे शेवट अँग्लो-सॅक्सन वसाहतींचे, तर ‘बी’ आणि ‘थॉर्प’ हे समुद्रमार्गे आलेल्या डेन लोकांचे. ग्रिम्सबी आणि स्कनथॉर्प ही नावे वाचली की नवव्या-दहाव्या शतकातल्या वस्तीची हद्द डोळ्यांसमोर येते. ब्रिटिश लोक हे मुळातच वेगवेगळ्या वेळी आलेल्या लोकांचे मिश्रण आहेत, आणि याचा सर्वांत सोपा पुरावा नकाशावर छापलेला असतो.

त्याच नकाशावर हिरव्या तुटक रेघा दिसतील. त्या सार्वजनिक पायवाटा आहेत. त्या खासगी शेतातून जात असल्या तरी त्यांवरून चालण्याचा कायदेशीर हक्क प्रत्येकाला आहे, आणि त्यासाठी शेतमालकाची परवानगी घ्यावी लागत नाही. फाटक उघडले तर मागे लावून घ्यावे आणि उभ्या पिकात शिरू नये, एवढे पथ्य पाळावे. हा हक्क सहज टिकलेला नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे करून गावोगावची सामाईक चराऊ राने खासगी मालकीत दिली, कुंपणे उभी राहिली आणि सरपण-चारा गमावलेली कुटुंबे शहरांकडे सरकली. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डच्या बाजूंनी आलेले शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या डोंगरावर बंदी मोडून चढले, त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला तो हाच पीक डिस्ट्रिक्टचा प्रदेश. रविवारी भर पावसात डोंगर चढणारी माणसे पाहून नवख्याला नवल वाटते. त्या चालण्याला एका लढ्याची परंपरा आहे, हे माहीत असलेले बरे.

तिसरी पायरी : जुन्या चर्चमध्ये शांतपणे फिरून यावे

गावातली सर्वांत जुनी इमारत बहुधा पॅरिश चर्च, म्हणजे त्या वस्तीचे स्थानिक चर्च, असते. दिवसा दार उघडे असेल तर कोणत्याही धर्माच्या माणसाने आत जायला हरकत नसते. प्रार्थना चालू असेल तर थांबावे. गोलाकार कमानी दिसल्या तर ते बांधकाम १०६६ नंतरच्या नॉर्मन काळातले असण्याची शक्यता मोठी, टोकदार कमानी त्यानंतरच्या. भिंतीत रिकामे कोनाडे दिसले तर तिथे पूर्वी संतांच्या मूर्ती होत्या असे समजावे. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमच्या पोपशी नाते तोडले, १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त झाले, आणि त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत मूर्ती फोडून भिंतींवरच्या चित्रांवर चुना फिरवण्यात आला.

चर्चपासून थोड्या अंतरावर एखादे साधे, शिखर नसलेले चॅपेल दिसले तर तेही पाहावे. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट पंथाने आणि अशाच इतर पंथांनी खाणकामगारांना व विणकरांना वाचायला, सभेत उभे राहून बोलायला आणि वर्गणीचा हिशेब ठेवायला शिकवले. १८३४ मध्ये डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना मजूर संघटनेची शपथ घेतल्याबद्दल ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवण्यात आले, त्यांतले बहुतेक मेथडिस्ट होते. देशभर गदारोळ झाल्यावर दोन वर्षांत त्यांना माफी मिळाली. ब्रिटिश कामगार चळवळीचा धर्माशी असलेला हा धागा आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

चौथी पायरी : पबमध्ये जावे, पिण्याची इच्छा नसली तरी

पब हे गावाच्या बैठकीचे ठिकाण आहे आणि तिथे मद्य न पिणारा माणूस परका ठरत नाही. मद्य सोडण्याची चळवळही याच मातीतली आहे: १८३२ मध्ये प्रेस्टन येथे जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सहा सोबत्यांनी संपूर्ण वर्ज्याची लेखी प्रतिज्ञा केली आणि गिरणीगावांत ती झपाट्याने पसरली. म्हणून लिंबूपाणी किंवा फळांचा रस मागताना संकोच बाळगू नये.

रीत अशी आहे. सहसा टेबलाशी कोणी विचारायला येत नाही. आपण बारपाशी जाऊन मागायचे आणि बहुधा तिथेच पैसे द्यायचे. बारपाशी रांग दिसत नसली तरी आधी कोण आले हे सर्वांच्या लक्षात असते, आणि आपल्याला आधी विचारले गेले तर ‘यांचा नंबर आधी’ असे म्हणणारा माणूस तिथे लगेच आपला होतो. चार जणांच्या टोळीत एकेक जण पाळीपाळीने सर्वांसाठी पेये आणतो, त्याला राउंड म्हणतात. आपली पाळी चुकवू नये. आपण एकच पेला घेणार असलो तर सुरुवातीलाच तसे सांगून वेगळे राहता येते.

दारावरची पाटीही वाचण्यासारखी असते. ‘रॉयल ओक’ हे नाव देशभर दिसते, कारण १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत हरलेला तरुण दुसरा चार्ल्स बॉस्कोबेल येथे ओकच्या झाडात लपून वाचला होता. त्याच्या बापाचा, राजा पहिल्या चार्ल्सचा, १६४९ मध्ये संसदेच्या बाजूने खटला चालवून शिरच्छेद केला होता आणि अकरा वर्षे देशात राजा नव्हता. राजघराण्यावर प्रेम करणारा आणि त्याच राजाला संसदेच्या चौकटीत जखडून ठेवणारा हा समाज समजून घ्यायचा तर १६४९, १६६० आणि १६८९ ही तीन साले लक्षात ठेवावीत: शिरच्छेद, राजाचे पुनरागमन आणि राजसत्तेवर मर्यादा घालणारा हक्कांचा कायदा.

पाचवी पायरी : कालवा, गिरणी आणि ओळीतली घरे

या पायरीला सर्वांत अधिक वेळ द्यावा. गावात कालवा असेल तर त्याच्या काठाने, पूर्वी जिथून घोडे बोटी ओढत त्या वाटेने चालावे. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालव्याने वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला आणण्यास सुरुवात केली आणि तिथला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. रेल्वेने घड्याळही बदलले: तोवर प्रत्येक गाव आपल्या सूर्याची वेळ पाळत असे, आणि ब्रिस्टॉलच्या जुन्या कॉर्न एक्स्चेंजवर आजही दोन मिनिटकाटे असलेले घड्याळ आहे, एक स्थानिक वेळेचा आणि एक लंडनच्या वेळेचा. वेळ पाळण्याविषयी ब्रिटिश माणूस एवढा काटेकोर का, याचे एक कारण गिरणीच्या भोंग्यात आणि रेल्वेच्या वेळापत्रकात आहे.

गिरणी आतून पाहायची असेल तर मँचेस्टरजवळ स्टायल येथील १७८४ ची क्वारी बँक गिरणी आणि बर्न्लीमधली क्वीन स्ट्रीट गिरणी या दोन्ही आता संग्रहालये आहेत. तिथे माग चालवून दाखवतात तेव्हा होणारा खडखडाट ऐकला म्हणजे कामगार ओठांच्या हालचालींवरून एकमेकांचे बोलणे का ओळखत, हे सांगावे लागत नाही. पोरे यंत्रांखाली सरपटत सुताचे तुकडे गोळा करत. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी आली आणि पाहणीसाठी सरकारी निरीक्षक नेमले गेले. १८४७ च्या कायद्याने स्त्रियांचा आणि किशोरांचा दिवस दहा तासांवर आला. ज्या मराठी घरांनी परळ-लालबागच्या गिरणगावात पिढ्या काढल्या त्यांना या इमारतींत बरेच ओळखीचे सापडेल, कारण मुंबईच्या गिरण्यांतली पुष्कळ यंत्रसामग्री लँकेशायर या उत्तर इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या परगण्यातूनच आलेली होती.

दोन्हीकडचे नाते त्याहून खोल आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, गुलामांच्या मळ्यांतला कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरमधली लाखो माणसे उपासमारीच्या उंबरठ्यावर आली. त्याही स्थितीत मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा कळवला, आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना आभाराचे पत्र लिहिले. त्याचा पुतळा मँचेस्टरमध्ये आजही आहे. तो तुटवडा भरून काढायला भारतातून कापूस जाऊ लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला, १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून पेढ्या बुडाल्या. त्या तेजीच्या काळातल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट म्हणजे लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकापुढचे भव्य लाल हॉटेल बांधणारा वास्तुकार. मुंबईहून आलेल्या माणसाला ती इमारत प्रथमदर्शनीच ओळखीची वाटते, त्याचे कारण हे.

गिरणीच्या मागे भिंतीला भिंत लागून उभी असलेली विटांची घरे असतात. घरभाड्याच्या शोधात असलेल्या अनेकांचा पहिला मुक्काम अशाच घरात पडतो. १८४८ आणि १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यांपूर्वी बांधलेली वस्ती कोंदट आणि गटारांविना होती आणि पटकीच्या साथी वारंवार येत. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद नकाशावर मांडून साथीचा उगम ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशी शोधला. त्यानंतरच्या घरांना मागे अंगण आणि गल्ली मिळाली, ती मैला वाहून नेण्याच्या सोयीसाठी. आज त्याच गल्लीत काउन्सिलचे रंगीबेरंगी कचऱ्याचे डबे उभे असतात. कोणत्या दिवशी कोणता डबा बाहेर ठेवायचा हे आल्या आठवड्यातच शेजाऱ्याला विचारावे. ओळख करून घेण्याचा यापेक्षा सोपा प्रश्न नाही, आणि चुकीच्या डब्यात कचरा टाकणे येथे मनाला लावून घेतले जाते.

शनिवारची सुटीदेखील गिरणीतून आली. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतले स्त्रियांचे व किशोरांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले, पाठोपाठ पुरुषांचेही, आणि दुपारी तीनला फुटबॉलचा सामना सुरू करण्याची प्रथा पडली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल लीगचे बाराही संघ उत्तरेतले आणि मध्य इंग्लंडमधले होते. म्हणून नव्या गावात आल्यावर तिथला संघ कोणता, हे जाणून घ्यावे, तो तळाच्या विभागात खेळत असला तरी. मासे-बटाट्याचे दुकान हेही गिरणी सुटल्यावर घरी जाऊन चूल पेटवायला वेळ नसलेल्या कामगार बायकांच्या आधाराचे ठिकाण होते. उत्तरेकडे दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणणारी घरे आजही पुष्कळ आहेत. संध्याकाळी पाच-सहाच्या चहाचे बोलावणे आले तर भरपेट जेवून जाऊ नये.

गावातल्या को-ऑपच्या, म्हणजे सहकारी संस्थेच्या, दुकानाकडेही वेगळ्या नजरेने पाहावे. २१ डिसेंबर १८४४ रोजी रॉचडेलच्या टोड लेनवर २८ कामगारांनी वर्गणी काढून लोणी, साखर, पीठ, ओटमील आणि मेणबत्त्या विकणारे दुकान उघडले. माल भेसळीविना, तोल खरा, नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत आणि प्रत्येकाला एकच मत, हे त्यांचे नियम. ते दुकान आता संग्रहालय आहे. सहकारी साखर कारखाना, दूध संघ आणि पतपेढी पाहत वाढलेल्या महाराष्ट्रीय माणसाने रॉचडेलला एकदा तरी जावे, असे मला मनापासून वाटते. टॉवर ब्रिजपेक्षा ही लहानशी खोली आपल्या जगण्याच्या अधिक जवळची आहे.

सहावी पायरी : मतदार यादीत नाव नोंदवावे

ही माहिती अनेकांना वर्षानुवर्षे कळत नाही: ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून, संसदेच्या आणि स्थानिक निवडणुकांत मत देता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. नोंदणी ऑनलाइन होते आणि विनामूल्य असते. संसदेच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते आणि भारताचा पासपोर्ट त्यासाठी चालतो. मतदान परंपरेने गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहापर्यंत असते.

नोंदणी करताना हा हक्क किती हळूहळू मिळाला, ते आठवावे. पीटर्लूच्या घटनेनंतर १८३२ मध्ये मध्यमवर्गीय पुरुषांना मत मिळाले, कामगारांना नाही. कामगारांसाठी मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने १८३८ पासून लाखो सह्यांचे अर्ज संसदेपुढे नेले आणि संसदेने ते फेटाळले. १८६७ आणि १८८४ च्या कायद्यांनी टप्प्याटप्प्याने कामगार पुरुष आत आले. १९१८ मध्ये ३० वर्षांवरील बहुसंख्य स्त्रिया, आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सर्व स्त्रिया. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवणारे दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अगदी थोड्या मतांनी निवडून आले, ते याच नव्याने मत मिळालेल्या सामान्य लोकांच्या जोरावर. काही अडचण आली तर आपल्या खासदाराच्या नियमित भेटीच्या वेळी, जिला येथे सर्जरी म्हणतात, जावे. त्याला मत दिले होते का, हे तो विचारत नाही.

सातवी पायरी : स्मृतिस्तंभावरची नावे वाचावीत

प्रत्येक गावाच्या चौकात, स्थानकात, कधी जुन्या शाळेत किंवा गिरणीतही पहिल्या महायुद्धातल्या मृतांची नावे कोरलेली असतात. एकाच आडनावाची तीन-चार नावे सलग दिसली तर ती भावंडे असू शकतात. एका गल्लीतले, एका गिरणीतले तरुण एकाच पलटणीत भरती करण्याची पद्धत होती. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, सुमारे १९,००० ब्रिटिश सैनिक मेले आणि अॅक्रिंग्टनसारख्या गावांत गल्लीच्या गल्ल्यांवर शोककळा पसरली. ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, तेव्हा दुकानात असाल तरी थांबावे. मृतांच्या स्मरणार्थ कागदी पॉपी, म्हणजे खसखशीचे लाल फूल, लावणे ऐच्छिक आहे. या प्रसंगात आपण पाहुणे नाही: त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक परदेशी गेले, ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी भारतीयांचे इस्पितळ होते, आणि तिथे मृत्यू पावलेल्या हिंदू व शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला त्या टेकडीवर १९२१ पासून संगमरवरी छत्री उभी आहे.

दुसऱ्या महायुद्धातले रेशन १९४० मध्ये सुरू झाले आणि १९५४ मध्ये संपले, म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षे चालले. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या शेजाऱ्याचे बालपण त्यात गेले आहे. उरलेले अन्न न टाकणे, दोरीचे तुकडे जपून ठेवणे, आपल्या पाळीची वाट निमूटपणे पाहणे या त्यांच्या सवयी कंजूषपणाच्या नव्हेत.

आठवी पायरी : जीपीकडे नाव नोंदवावे, आजारी पडण्यापूर्वी

राहत्या पत्त्याजवळच्या जीपीकडे, म्हणजे स्थानिक डॉक्टरकडे, घर मिळताच नोंदणी करावी. तातडीच्या नसलेल्या सल्ल्यासाठी १११ आणि जिवावर बेतले असेल तर ९९९ हे क्रमांक आहेत. किरकोळ दुखण्यासाठी आधी औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारण्याची येथे पद्धत आहे. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांना इंग्लंडमध्ये ठरावीक शुल्क पडते, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये पडत नाही. तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, जीपीच पाठवतो, आणि थांबावे लागते. मुंबई-पुण्यात त्याच दिवशी तज्ज्ञ गाठण्याची सवय असलेल्यांना हे फार जड जाते.

तरीही या आरोग्यसेवेवर टीका करताना शेजाऱ्याचा आवाज हळवा का होतो, ते समजून घ्यावे. १९११ च्या विमा कायद्याने कमावत्या कामगाराला डॉक्टर मिळाला, त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावात कामगारांनी पगारातून पैसे कापून सर्वांसाठी दवाखाना चालवला होता. त्या गावचा खाणकामगाराचा मुलगा अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाला आणि त्याने ५ जुलै १९४८ रोजी सर्वांसाठी विनामूल्य सेवा सुरू केली. त्यानंतर दवाखान्यांत वर्षानुवर्षे दुखणी अंगावर काढलेल्या बायकांची रीघ लागली. ती आठवण अनेक घरांत आजी-पणजीच्या नावानिशी सांगितली जाते. पुढे ही सेवा परदेशांतून आलेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या बळावरच टिकली, त्यांत भारतीयांचा वाटा मोठा आहे.

नववी पायरी : साम्राज्याच्या खुणा झाकून जाऊ नयेत

गिरणीचा कामगार ओळखीचा झाला म्हणून साम्राज्याचा हिशेब मिटत नाही. ज्या चहात साखर घालून इंग्लंडचा कामगार दिवस काढत होता ती साखर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांनी पिकवलेली होती. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला आणि १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी. त्या वेळी दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली ती मालकांना, गुलामांना नाही. लिव्हरपूल, ब्रिस्टॉल आणि ग्लासगोमधल्या देखण्या इमारतींखाली हा पैसा आहे. ब्रिस्टॉलमध्ये जून २०२० मध्ये गुलामांच्या व्यापारात पैसा कमावलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा बंदरात ढकलला गेला, तो आता शहराच्या संग्रहालयात आहे. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तूंत टिपू सुलतानाचा तंबू आहे. तो मुलांना घेऊन पाहावा.

माझा अनुभव असा की बऱ्याच ब्रिटिश माणसांना हा इतिहास शाळेत फारसा शिकवलेलाच नसतो, आणि शांतपणे सांगितले तर ती ऐकतात. आपल्याला पीटर्लू माहीत असेल तर ते ऐकणे अधिक सोपे होते. लंडनमध्ये टिळक १९१८-१९ मध्ये राहिले त्या हॉवली प्लेसच्या घरावर निळी पाटी आहे, आणि किंग हेन्रीज रोडवरचे डॉ. आंबेडकर राहत असलेले घर महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केले आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे. दक्षिण आशियातून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांना १९५०-६० च्या दशकांत खोली भाड्याने मिळत नसे, नोकरी नाकारली जाई; १९६३ मध्ये ब्रिस्टॉलच्या लोकांनी चार महिने बसवर बहिष्कार घातला तेव्हा तिथल्या बस कंपनीने गौरेतर वाहक नेमले, आणि १९६५, १९६८ व १९७६ च्या कायद्यांनी वंशभेद बेकायदा ठरत गेला. आज आपल्याला भाड्याने घर मिळते त्यामागे ही माणसे आहेत.

दहावी पायरी : आपल्या घरात पूर्वी कोण राहत होते, ते शोधावे

कायम वास्तव्यासाठी किंवा नागरिकत्वासाठी द्यावी लागणारी परीक्षा २४ प्रश्नांची, ४५ मिनिटांची असते आणि १८ उत्तरे बरोबर यावी लागतात. अधिकृत पुस्तिका दोन-तीनदा वाचून ती उत्तीर्ण होता येते. मात्र केवळ पाठांतराने राजांची क्रमवारी लक्षात राहत नाही. वरच्या पायऱ्या चालून झाल्या असतील तर तीच साले कोणत्या ना कोणत्या दगडाला, दाराला किंवा नावाला चिकटलेली असतात.

त्यानंतर गावच्या वाचनालयातल्या स्थानिक इतिहासाच्या विभागात किंवा परगण्याच्या अभिलेखागारात जावे. आपला पत्ता सांगून त्या गल्लीचा जुना मोजणी नकाशा मागावा. अभिलेखागारात पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्यावी, आणि जाण्यापूर्वी वाचकपत्र लागते का ते विचारून घ्यावे. जनगणनेची घरोघरची पाने शंभर वर्षांनी खुली होतात. १९११ पर्यंतची पाने पुष्कळ वाचनालयांच्या संगणकांवर शुल्काविना पाहता येतात. १९२१ ची पाने २०२२ मध्ये खुली झाली आणि त्यांत माणूस कोणाकडे कामाला होता हेही नोंदलेले आहे. १९३१ ची इंग्लंड आणि वेल्समधली पाने १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही, म्हणून त्या काळासाठी सप्टेंबर १९३९ मध्ये ओळखपत्रे देण्यासाठी केलेली नोंदवही पाहावी. घर शंभर वर्षांपूर्वीचे असेल तर त्या पानांवर कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, जन्मगाव आणि धंदा सापडेल, कापडगावात बहुधा विणकर, सूतकातणारी किंवा रेल्वेचा हमाल. ती नावे टिपून घ्यावीत आणि गावच्या स्मृतिस्तंभावर व चर्चच्या दफनभूमीत ती आहेत का, ते पाहून यावे.